विमानाचे मैल आणि आपला खिसा

कामठीहून सोनेगावचा विमानतळ गाठून वर्षाकाठी एकदा-दोनदा मुंबई-पुण्यास जाणाऱ्या गृहस्थाने विमान कंपनीच्या सभासदयोजनेच्या नादी लागावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ साली ही योजना काढली ती सतत फिरणाऱ्या गिऱ्हाइकासाठी. त्याचे तिकीट बहुधा पेढी काढते, आणि मैल मात्र जमतात त्याच्या नावावर! आपले तिकीट आपल्याच खिशातून.

शिवाय मैल म्हणजे पैसा नव्हे. टांकसाळ कंपनीची, आणि नाण्याचा भावही तीच ठरविणार. किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये बंद पडली, तेव्हा सभासदांनी साठविलेल्या मैलांचे मोल शून्य झाले. उलट विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ रोजी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा गुण नव्या खात्यात गेले. दोन्ही वेळी सभासदाला कोणी विचारले नव्हते.

मैलांना बहुधा मुदत असते. आपल्यासारख्यांचे तिकिटाएवढे मैल भरेपर्यंत आधीचे बाद होऊ लागतात. बरे, 'फुकट' तिकिटावरही कर सहसा रोखीनेच द्यावा लागतो.

नाव नोंदविण्यास पैसे पडत नसतील तर खुशाल नोंदवावे. पण मैलांसाठी पाचशे रुपये अधिक मोजणे, किंवा वार्षिक वर्गणीचे कार्ड घेणे, आम्हांस मुळीच पटत नाही. सामानाचा आकार धरून दोन कंपन्यांचे भाव ताडून पाहावेत. आणि हो, नागपूर-मुंबई दुरांतोचाही भाव विचारून ठेवावा. ती रात्रभरात पोचविते.