भिंत आणि चष्मा



आपल्या चालकांचे बोलावणे आले तेव्हा मला वाटले, हमालीचे दर किंवा माथाडी कायदा अशाच एखाद्या विषयावर मी बोलावे अशी त्यांची इच्छा असणार. गेली तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे. परंतु विषय निघाला तो निराळाच. गावच्या भिंतीवर हाताने काढलेले चित्र आणि आभासी वास्तव नावाचे नवे यंत्र, या दोहोंची सांगड घालता येईल काय, असा तो विषय. मी चित्रकार नाही आणि इंजिनिअरही नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते मोंढ्यातल्या पोत्यांवर बसून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकांवर. तरीही मी होकार दिला. कारण या विषयाच्या पोटात मजुरीचा प्रश्न आहे, आणि मजुरीचा प्रश्न जेथे असेल तेथे दोन शब्द बोलण्याचा मला अधिकार आहे असे मी समजतो.

प्रथम हे यंत्र म्हणजे काय ते सांगतो. डोळ्यांवर पेटीसारखा एक चष्मा बांधतात. त्यात दोन भिंगे असतात आणि दोन्ही डोळ्यांना एकाच दृश्याची किंचित निराळी चित्रे दाखविली जातात. आपले डोळेही कोणतीही वस्तू थोड्या निराळ्या जागांवरून पाहतात आणि मेंदू त्यावरून जवळ काय, लांब काय हे ठरवितो. यंत्राने हीच युक्ती उचलली आहे. शिवाय मान वळली की यंत्राला ते कळते आणि दृश्यही त्याप्रमाणे फिरते. त्यामुळे आपण चित्रासमोर नसून चित्राच्या आत उभे आहोत असा भास होतो. आयव्हन सदरलँड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ साली डोक्यावर बसविण्याचे असे यंत्र केले, तेव्हा ते इतके जड होते की छताला टांगावे लागे. २०१४ साली गूगल कंपनीने पुठ्ठ्याची एक घडी, दोन भिंगे आणि आत सरकविलेला मोबाइल एवढ्यावर हे काम भागविता येते हे दाखवून दिले. म्हणजे ही वस्तू आता केवळ श्रीमंतांची राहिलेली नाही.

मी स्वतः तो चष्मा पहिल्यांदा लावला तो एका प्रदर्शनात. समोर चित्रांनी भरलेले लेणे उभे राहिले. मी भान विसरून हात पुढे केला, तर हाताला काहीच लागेना! चष्मा काढून पाहतो तो रांगेतली पोरे माझ्याकडे बघून हसत होती. मला जे दिसत होते त्यातले त्यांना काही दिसत नव्हते, आणि त्यांचे हसणे मला दिसत नव्हते.

भिंतीचे तसे नाही. गावात पेंटर शिडीवर चढला की खाली माणसे जमतात. एकजण म्हणतो, बैलाची शिंगे अशी नसतात. दुसरा म्हणतो, लुगड्याचा रंग असा नव्हता. पेंटर वरूनच उत्तर देतो, कधी ऐकतो, कधी ऐकत नाही. चित्र पुरे होईपर्यंत ते निम्मे गावाचे झालेले असते. म्हणून माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. भिंत ही मालकीण आणि चष्मा हा गडी, असे नाते राहिले तर या संगतीत गावाचे भले आहे. ते नाते उलटे झाले तर मात्र आपली भिंतही जाईल आणि पेंटरही जाईल.

आता मराठवाड्यात भिंतीवरच्या चित्राची गोष्ट निघाली की अजिंठ्याला गेल्यावाचून सुटका नाही. तेथील कारागिरांनी खडकावर मातीचा गिलावा केला, त्यात भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू मिसळले, वर चुन्याचा पातळ हात दिला आणि त्यावर रंगकाम केले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी हे त्यांचे रंग. निळा तेवढा परक्या मुलखातून आलेल्या दगडाचा. १८१९ साली ही लेणी पुन्हा जगाच्या नजरेस आली आणि त्या चित्रांच्या नकला करण्याची खटपट सुरू झाली. मद्रासच्या फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षे खपून मोठमोठ्या नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा तेच काम केले. १८८५ सालीच लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे आग लागून त्यांतल्याही पुष्कळ नष्ट झाल्या. जपानहून काम्पो आराई हे चित्रकार आले. त्यांच्या नकला टोकिओत होत्या. १९२३ च्या भूकंपात त्याही गेल्या.

मूळ चित्रांना हात लावला तर काय होते, तेही ऐका. अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि आपली परभणीही त्याच राज्यात होती. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलाविले. त्यांनी निखळणारा गिलावा सावरला ही त्यांची मोठी कामगिरी. परंतु त्यांनी चित्रांवर लाखेचे रोगण दिले, ते पुढे पिवळे पडून काळवंडले, आणि ते काढण्यासाठी आपल्या पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कष्ट करावे लागले. फ्रान्समध्ये लास्को येथील आदिमानवाच्या चित्रांची गुहा १९६३ साली बंदच करावी लागली. तेथे कोणी रोगणही लावले नव्हते. प्रेक्षकांच्या नुसत्या श्वासानेच चित्रे बिघडू लागली होती.

येथे नव्या यंत्राचा उपयोग आहे, आणि तो मी मोकळ्या मनाने मान्य करतो. छायाचित्राला चित्रास स्पर्श करावा लागत नाही. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी वर्षानुवर्षे अजिंठ्याच्या भिंतींची छायाचित्रे घेतली आणि संगणकावर चित्रांचे झिजलेले भाग जुळविण्याचे काम केले. अशा छायाचित्रांवरून चष्म्यात लेणे उभे करता येते आणि हजारो माणसे आत गेली तरी मूळ भिंतीवर एकाचाही श्वास पडत नाही. शिवाय अशी नक्कल शंभर ठिकाणी ठेवता येते. एका आगीत सर्व जळण्याची भीती उरत नाही.

परंतु यंत्रालाही मरण असते. २०१३ साली अजिंठ्याच्या पायथ्याशी पर्यटकांसाठी मोठे केंद्र उघडले. जपानच्या कर्जातून ते उभे राहिले आणि चार लेण्यांच्या प्रतिकृती तेथे केल्या गेल्या. पुढे वीज आणि पाणी यांच्या थकलेल्या बिलांपायी ते बंद पडल्याचे आपण वर्तमानपत्रांत वाचले. दीड हजार वर्षांची भिंत विजेवाचून उभी राहिली, आणि तिची नक्कल काही वर्षांत बिलावाचून अडली. ज्या गावात भारनियमनाने पिठाची गिरणी थांबते, त्या गावाने हे लक्षात ठेवलेले बरे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे वळतो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने ते लेणे करविले असे त्यावरून कळते. करविणाऱ्याचे नाव कळले. पण ज्यांनी काजळी लागलेल्या बोटांनी ते रंगविले त्यांचे नाव त्यात नाही. दीड हजार वर्षांपूर्वीची ही रीत आजही चालू आहे. आमच्या संघटनेचे फलक रंगविणारा एक पेंटर होता. रंगात बुडविलेली दोरी भिंतीवर ताणून सोडायची, सरळ रेघ उमटायची, आणि तिच्यावर तो हातभर उंचीची अक्षरे अशी काढी की लांबून छापील वाटावीत. दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला आणि एका मोसमात त्याची कामे निम्म्यावर आली. पुढे त्याला एका शाळेच्या भिंती रंगविण्याचे काम मिळाले. ठेकेदार मध्ये होता. मजुरी चौरस फुटावर ठरली, त्यातलीही काही बुडाली. चित्राखाली सही करू नकोस असे बजावण्यात आले. काही दिवसांनी त्याच भिंतीचे छायाचित्र ठेकेदाराच्या जाहिरातीत आम्ही पाहिले. मी भांडलो, पण हातात कागद नव्हता. कागद नसलेले भांडण कसे संपते हे येथल्या मजुरांना मी सांगावयास नको. त्या मित्राने नंतर ब्रश ठेवून दिला आणि तो रात्रपाळीचा राखणदार झाला.

कायद्यात मात्र त्याला जागा होती, हे मला फार उशिरा कळले. दिल्लीच्या विज्ञान भवनात अमरनाथ सेहगल या शिल्पकाराचे काशाचे प्रचंड भित्तिशिल्प होते. १९७९ साली ते सरकारने उतरविले आणि त्याची मोडतोड झाली. सेहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, शिल्पाचे अवशेष परत करण्याचा हुकूम केला आणि पाच लाख रुपये भरपाई दिली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात असे आहे की कलाकाराने काम विकले तरी त्याचे नाव आणि त्या कामाची अब्रू त्याच्याकडेच राहते. सेहगलांना हा न्याय मिळावयास बरीच वर्षे लागली. आमच्या पेंटरला तो मागता येतो हेच ठाऊक नव्हते.

म्हणून चारठाण्याच्या मंडळींपुढे मी एक सूचना ठेवतो. आपले गाव दगडी मंदिरांचे. गोकुळेश्वराचे देऊळ, पायऱ्यांची बारव, तो उंच स्तंभ, हे आपण रोज पाहता, आणि रोज पाहिलेली वस्तू दिसेनाशी होते. या जुन्या दगडाला रंगाचा हात लावू नका. पुष्कळ गावांत भक्तीच्या भरात देवळांना ऑइल पेंट फासलेला मी पाहिला आहे. रंगवावयाची ती शाळेची किंवा ग्रामपंचायतीची साधी भिंत घ्या. वरच्या वर्गातील मुलामुलींनी मोबाइलवर देवळाची, बारवेची चारी बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, प्रत्येक छायाचित्रात मागच्याचा थोडा भाग यावा अशा बेताने. संगणक ती जुळवून वस्तूचा घनाकार तयार करतो. ती छायाचित्रे घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसावे आणि बारवेवर कोण येई, यात्रेत काय चाले, ते विचारून घ्यावे. मग पेंटरने भिंतीवर चौकटी आखून ते चित्र रंगवावे. आणि चष्मा वाचनालयात ठेवावा. भिंतीवर बारवेचे तोंड दिसेल, चष्म्यात पायऱ्या उतरता येतील. गुडघे दुखणाऱ्या ज्या आजीला बारवेत उतरणे जमत नाही तिला ते खुर्चीवर बसून पाहता येईल. चष्म्यातले दृश्य त्याच वेळी टी.व्ही.च्या पडद्यावरही आणता येते. तेवढे जरूर करा, म्हणजे आजीला काय दिसते ते नातवंडांनाही दिसेल आणि मी झालो तसे कोणी हसू होणार नाही. आणि पडलेले दगड चष्म्यात पुन्हा जागेवर बसविलेत, तर आहे ते एका रंगात आणि अंदाजाने जोडलेले दुसऱ्या रंगात दाखवा. गावाशी खोटे बोलू नका.

माझ्या अटी थोड्याच आहेत. पेंटरला रोजाने मजुरी द्यावी आणि करार कागदावर व्हावा. भिंतीवर आणि चष्म्यातल्या दृश्यातही त्याचे नाव असावे, छायाचित्रे घेणाऱ्या मुलांचीही नावे असावीत. जमविलेली सारी छायाचित्रे गावाच्या मालकीची राहावीत आणि त्यांच्या प्रती दोनतीन ठिकाणी ठेवाव्यात. दोन आगींची आणि एका भूकंपाची गोष्ट आताच सांगितली. आणि दरसाल भिंतीच्या डागडुजीसाठी थोडी रक्कम बाजूला काढावी.

कोणी म्हणेल, यंत्राने चित्र फुकट होत असता पेंटरला मजुरी कशाला? मी तीस वर्षे हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत ऐकत आलो आहे. माझे उत्तर असे की यंत्र फुकट काही करीत नाही. चष्म्यात जे दिसते ते कोणीतरी आधी हाताने काढलेले, घडविलेले असते. बारवेचे दगड कोणी वाहून आणले त्यांची नावे आपल्याला आता कधीच कळणार नाहीत. पण भिंत कोणी रंगविली ते लिहून ठेवणे आपल्या हातात आहे.

माझा तो मित्र अजून आहे. येथे येण्यापूर्वी मी त्याला विचारले, एखाद्या गावाने बोलाविले तर येशील काय? तो म्हणाला, शिडी आहे, ब्रश मात्र नवे घ्यावे लागतील. हा निरोप आपल्यापर्यंत पोचवून मी खाली बसतो.