डोळा घडतो तेव्हा



मी डॉक्टर नाही. शाळा अर्ध्यावर सुटलेला, कामगारांत वावरणारा माणूस आहे. तरी आज गोदाकाठी डोळ्यांवर बोलायला उभा राहिलो, त्याला कारण आहे. एकोणिसाव्या वर्षी एका कारखान्यात नोकरीसाठी माझी तपासणी झाली, तेव्हा कळले की माझ्या डाव्या डोळ्याला फारच कमी दिसते. नोकरी हुकली. चष्म्यानेही डोळा सुधारेना. असे का, ते मी पुस्तकांतून शोधू लागलो.

मूल तयार डोळे घेऊन जन्माला येते, अशी आपली समजूत असते. तसे नाही. नवजात बाळाचा डोळा पुढून मागे सुमारे १७ मिलिमीटर असतो. मोठ्या माणसाचा २३ ते २४. ही वाढ पहिल्या दोन वर्षांत झपाट्याने होते, पुढे कुमारवयापर्यंत सावकाश चालते. बाळाला प्रथम वीतभर अंतरावरचेच काहीसे नीट दिसते. अंगावर पिताना आईचा चेहरा दिसावा, एवढेच.

पण डोळा वाढला म्हणजे दृष्टी आली, असे नव्हे. पाहणे मेंदूला शिकावे लागते. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला किंवा तो तिरळा असला, तर मेंदू दुसऱ्यावरच भिस्त ठेवतो. ह्युबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा बंद ठेवून हे दाखवले. १९८१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा डोळ्याला लोक ‘आळशी’ म्हणतात. हा शब्द आम्हा युनियनवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे! अहो, तो आळशी नाही, बेकार आहे. त्याला कोणी काम दिलेले नाही. योग्य चष्मा लावावा, डॉक्टर सांगतील तितके तास चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधावी, की बेकाराला काम मिळते. सात-आठ वर्षांच्या आत हे केले तर गुण चांगला येतो. पुढे कठीण होत जाते.

मूल तक्रार करीत नाही, कारण एका डोळ्याने त्याचे भागते. तेव्हा आज घरी गेल्यावर मुलाचा एक डोळा तळहाताने झाका, भिंतीवरच्या कॅलेंडरातले चित्र ओळखायला सांगा. मग दुसरा झाका. फरक दिसला तर डॉक्टर गाठा. चार महिन्यांनंतरही तिरळेपणा राहिला, तर भाग्याचे लक्षण म्हणून गप्प बसू नका. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळांत तपासणी होते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. पथक आले नाही, तर चारजण मिळून जाब विचारा.

माझी मुदत टळली. तुमच्या मुलांची टळू देऊ नका.