मोठ्या कारखान्यावरील देखरेख

जोयडे तालुक्यातील अणशीचे अरण्य मागे टाकून घाटाची वाट कद्र्याकडे उतरू लागली म्हणजे काळी नदीचे खोरे सुरू होते. याच खोऱ्यात, कद्रा जलाशयाच्या काठी, कैगा अणुवीज केंद्राची प्रत्येकी २२० मेगावॉट शक्तीची चार संयंत्रे उभी आहेत. त्यांचा कारभार पाहणाऱ्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचे मुख्य कार्यालय मुंबईस आहे. अशा अवाढव्य संस्थेत देखरेख कशी ठेवावयाची, हे समजून घेण्यास कैग्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

येथील पहिले संयंत्र १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत, म्हणजे ९६२ दिवस, अखंड चालले. तो त्या वेळचा जागतिक उच्चांक होता. २०२० साली कॅनडातील डार्लिंग्टनच्या एका संयंत्राने तो मागे टाकला. या जातीच्या संयंत्रात यंत्र चालू असतानाच इंधन बदलता येते, हे त्याचे एक कारण खरेच. परंतु तेवढ्याने भागत नाही. दाब, तपमान, पाण्याचा प्रवाह यांचे आकडे नियंत्रणकक्षात अहोरात्र येत असतात. आकडा मर्यादेपाशी पोहोचण्यापूर्वीच तो कोणत्या दिशेस सरकतो आहे हे ज्याच्या ध्यानात येते, त्यालाच उपाय योजण्यास सवड मिळते.

तथापि नियंत्रणकक्षातील काट्यांना सर्वच दिसते असे नाही. जड पाण्यात ट्रिटियम हे किरणोत्सारी द्रव्य तयार होत असते. त्याचे किरण इतके दुबळे की ते कातडीही भेदीत नाहीत. मात्र ते पोटात गेले, तर शरीराबाहेरच्या मापकास त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून कामगारांच्या लघवीचे नमुने ठराविक काळाने तपासण्याचा परिपाठ आहे. काम कंटाळवाणे, कित्येक कचेऱ्यांत असले परिपाठ रकाने भरण्यापुरतेच उरतात. कैग्यास ते तसे उरले नव्हते. नोव्हेंबर २००९ मध्ये काही नमुन्यांत ट्रिटियमचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक आढळले. संयंत्रात गळती शोधण्यात आली. ती कोठेच नव्हती. शोध अखेरीस पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपाशी येऊन थांबला. त्या पाण्यात ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळलेले होते, आणि हे कोणीतरी हेतुपुरस्सर केले असावे असा अधिकाऱ्यांचा कयास झाला. पन्नासच्या आसपास माणसांच्या अंगात ते द्रव्य गेले होते. यंत्रांवरचे सारे मापक बिनचूक चालू असूनही ही गोष्ट उघडकीस आणली ती नमुन्याच्या बाटलीने!

संगणकाची कथा याच संस्थेत दहा वर्षांनी घडली, ती तामिळनाडूतील कुडनकुलमच्या संदर्भात. ४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने कॉर्पोरेशनला कळविले की, तुमच्या एका संगणकात घातक प्रणाली शिरली आहे. संयंत्र चालविणारी संगणकव्यवस्था निराळी व अलग असल्याने ती सुरक्षित राहिली. बाधा झाली होती ती प्रशासकीय कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातील संगणकास. कैग्यास घरच्याच परिपाठाने बिंग फोडले होते. येथे मात्र सूचना बाहेरून यावी लागली. २९ ऑक्टोबर रोजी कुडनकुलम केंद्राने, नियंत्रणयंत्रणेवर असा हल्ला होणे शक्यच नाही, असे पत्रक काढले. प्रशासकीय संगणकाची गोष्ट कॉर्पोरेशनने मान्य केली ती दुसऱ्या दिवशी.