सहा फुटांचा सारस



थंडीत विदर्भातला सर्वांत खाली गेलेला पारा अनेकदा गोंदियाचाच असतो. मग पेटीतल्या गोधड्या बाहेर निघतात. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरायची आणि कडेकडेने धावदोरा घालत मधे यायचं, एवढीच गोधडीची कृती. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या अशा गोधड्यांवर आख्खं पुस्तक केलं आहे.

हीच गोधडी पांघरण्याऐवजी भिंतीवर टांगली की तिला 'आर्ट क्विल्ट' म्हणतात. अमेरिकेत ओहायो राज्यात १९७९ साली गाईंच्या एका जुन्या गोठ्यात तिचं मोठं प्रदर्शन सुरू झालं. अशा प्रदर्शनांत पानं, पक्षी, पाणी, ऋतू यांची रेलचेल असते.

पण निसर्ग कापडावर त्याच्या कितीतरी आधी उतरला होता. हॅरिएट पॉवर्स जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामीत जन्मली. तिने शिवलेली एक गोधडी आज बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. तिच्यात पंधरा चौकटी आहेत. एकीत १८३३ चा उल्कावर्षाव, म्हणजे तिच्या जन्माआधीचा, निव्वळ ऐकलेला. दुसरीत फेब्रुवारी १८९५ मधला एक जीवघेणा थंड गुरुवार. त्यात माणसं जागच्या जागी गोठली आहेत, खेचराच्या श्वासाचं बर्फ होऊन लोंबतं आहे. ऊब देणाऱ्या वस्तूवर तिने गारठा शिवला!

असं काम बघायला गेलात तर आधी लांबून बघा, मग बाजूच्या तिरप्या उजेडात. टाक्यांचे उंचवटे तेव्हाच दिसतात. जमलं तर मागची बाजूही बघा. हात कुठे थांबला, दोरा कुठे संपला, ते तिथे कळतं.

गोंदियात अशी गोधडी शिवायला विषय शोधावा लागणार नाही. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः इथेच. धानाच्या बांधीत तो गवताचं घरटं रचतो, आणि 'सेवा' संस्थेचे कार्यकर्ते शेतकऱ्यांच्या मदतीने त्याची राखण करतात. रोवणी करणाऱ्या बायांइतका हा पक्षी जवळून कोणी पाहिला असेल? राखाडी पाठीला विटलेलं धोतर चालेल, लाल मानेला लुगड्याचा काठ. पाण्याला नुसता धावदोरा पुरे.

आणि उभा सारस जवळजवळ सहा फुटांचा. अंगभर पांघरायची गोधडीही साधारण तेवढीच. पक्षी लहान करावा लागणार नाही.