कमला खानकडून आपण काय काय मागतो

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला ‘माध्यमांतील मुस्लिम स्त्रीची प्रतिमा’ असा भारदस्त विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, यावर बोलले तर दहा मिनिटांत निम्मी मुलं चहाला जातील, त्यापेक्षा मी एका कॉमिकवर बोलते. ते जरा चपापले. कॉमिक म्हणजे लहान मुलांचं काहीतरी, असं आपल्याकडे अजून वाटतं. माझंही तसंच होतं. नववीतल्या भाचीनं मला ‘मिस मार्व्हल’ वाचायला लावलं तेव्हा मी तिला खूश ठेवायला हातात घेतलं होतं. नंतर तीच माझ्याकडे पुढचा भाग परत मागायला लागली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कमला खान ही सोळा वर्षांची मुलगी. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहते. आईवडील पाकिस्तानातून तिकडे गेलेले. वडील युसूफ, आई मुनीबा, आणि मोठा भाऊ आमिर, जो दाढी राखून सतत नमाज-दुआ करतो आणि नोकरी मात्र करत नाही. (हशा) तुमच्याही घरी आहे वाटतं एखादा. ही कमला २०१३ साली मार्व्हलच्या दुसऱ्या एका मालिकेत ओझरती दिसली आणि २०१४ च्या फेब्रुवारीत तिची स्वतःची मालिका सुरू झाली. मार्व्हलमध्ये मुस्लिम पात्राच्या नावावर चालणारी ही पहिली मालिका. पुढच्याच वर्षी तिच्या पहिल्या संग्रहाला ह्युगो पुरस्कार मिळाला.

तिचं नाव ऐकून माझ्या एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, ‘मॅडम, कमला हे मुस्लिम नाव कसं?’ आपल्या कानाला ते कमळातून आलेलं वाटतं. पण यावर आलेल्या टीव्ही मालिकेत तिचे अब्बा तिला सांगतात की हे ‘कमाल’ वरून आलंय. आपण मराठीत म्हणतोच की, ‘कमाल केलीस!’ तीच कमाल. आणि मार्व्हल या शब्दाचा अर्थही जवळपास तोच.

आता मुद्द्याकडे येते. या मुलीवरून जे वाद झाले, ते मला तिच्या पराक्रमांपेक्षा जास्त बोलके वाटतात.

कमलाची लेखिका जी. विलो विल्सन ही अमेरिकन गोरी स्त्री, तरुणपणी इस्लाम स्वीकारलेली, काही वर्षं कैरोत राहिलेली. कल्पना मुळात पुढे आली ती मार्व्हलमधली संपादक सना अमानत हिच्या लहानपणच्या आठवणींतून. सना न्यू जर्सीत वाढलेल्या पाकिस्तानी कुटुंबातली. मालिका जाहीर झाली तेव्हाच सना अमानतनं सांगितलं होतं की टीका दोन बाजूंनी येईल, मुस्लिमांचा राग असणाऱ्यांकडून आणि हे पात्र एका विशिष्ट प्रकारेच दिसावं असं वाटणाऱ्या मुस्लिमांकडून. झालंही तसंच. एक बाजू म्हणाली, मुस्लिम मुलगी आणून आमच्यावर काय लादताय? दुसरी म्हणाली, ही कसली मुस्लिम? हिच्या डोक्यावर ओढणी कुठाय?

गंमत बघा. विल्सन स्वतः हिजाब घालते. तिची नायिका घालत नाही. आणि नायिकेची जिवलग मैत्रीण नाकिया घालते, तोही वडिलांची इच्छा नसताना! पहिल्याच अंकात वर्गातली झोई नाकियाला काळजीच्या सुरात विचारते की तुझ्यावर कुणी जबरदस्ती तर करत नाही ना. नाकिया सांगते, उलट माझ्या वडिलांना मी तो काढावा असं वाटतं. दोन वाक्यांचा प्रसंग आहे. पण दोन्ही पक्षांनी घोटून ठेवलेली भाषणं त्यात खाली बसतात.

कमलाच्या आधीही मार्व्हलमध्ये एक मुस्लिम मुलगी होती. सुराया कादिर, टोपणनाव डस्ट. २००२ साली आली. अफगाणिस्तानची, काळ्या बुरख्यातली, वाळूचं वादळ बनू शकणारी. वुल्व्हरिन तिला तिथून वाचवून आणतो. तिच्याबद्दल तक्रार नेमकी उलटी होती. पाश्चात्त्यांच्या डोक्यातली तीच ती पीडित, झाकलेली बाई कशाला, असं म्हटलं गेलं. म्हणजे एकीच्या अंगावर कापड फार आणि दुसरीच्या डोक्यावर नाही. मला या दोघी मुलींची दया येते.

मी अकरावीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. विषय होता गावातली पाणीटंचाई. आठ दिवस विहिरींवर, टँकरच्या रांगेत उभं राहून मी माहिती गोळा केली होती. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला आणि खाली मजकूर, ‘मुस्लिम मुलीचे यश’. कॉलेजात एका सरांनी कौतुकानं पाठ थोपटली, म्हणाले, ‘तुमच्यातून मुली पुढं यायला पाहिजेत.’ मोहल्ल्यात तोच फोटो हातोहात फिरला, कारण भाषण करताना माझी ओढणी खांद्यावर घसरली होती. अब्बांना मशिदीबाहेर दोघांनी थांबवून सांगितलं. अब्बा घरी येऊन काही बोलले नाहीत, नुसते गप्प जेवले. ते गप्प जेवण मला आजही आठवतं. पण पाण्याबद्दल मी काय बोलले, हे सरांनीही विचारलं नाही आणि मोहल्ल्यानंही नाही.

म्हणून कमलाची पहिली गोष्ट वाचताना मी थबकले. ती घरातून चोरून एका पार्टीला जाते. तिथे कुणीतरी तिच्या हातात दारू मिसळलेला संत्र्याचा रस देतं, ती थुंकते, सगळे हसतात. ती रागानं बाहेर पडते आणि एका गूढ धुक्यात सापडते. त्या धुक्यात तिला तिची लाडकी कॅप्टन मार्व्हल दिसते, आणि तिच्या तोंडी असते अमीर खुसरोची रचना! कमला तिच्याकडे मागते, मला तुझ्यासारखं व्हायचंय. आणि होते. सोनेरी केस, गोरी कातडी, उंच बूट, तोकडा पोशाख. झोई पाण्यात बुडते तेव्हा कमला त्याच रूपात तिला वाचवते. त्या क्षणी तिला आठवते ती एका जिवाला वाचवण्याचं मोल सांगणारी कुराणातली आयत, अब्बांकडून ऐकलेली.

पण ते रूप तिला टोचतं. बूट चावतात, कपडे रुततात, केस तोंडावर येतात. पुढे ती स्वतःच्या चेहऱ्यानंच लढायचं ठरवते आणि पोशाख बनवते एका बुर्किनीपासून. म्हणून मी त्या विद्यार्थ्यांना म्हणते, ओढणी मोजण्याआधी हे वाचा. दुसऱ्यासारखं दिसण्याची ताकद मिळालेली मुलगी ती ताकद बाजूला ठेवते, ही सगळी गोष्ट आहे.

याच कारणानं २०२२ साली वाचक चिडले. त्या जूनमध्ये सहा भागांची टीव्ही मालिका आली. कॉमिकमधली कमला अंग ताणते, हात मोठा करते, लहान होते, आकार बदलते. मालिकेत ते गेलं. तिथे पणजीच्या बांगडीतून प्रकाश निघतो. जुन्या वाचकांचं म्हणणं असं, की घरात एक आणि शाळेत एक असं रोज ताणलं जाणाऱ्या मुलीला ताणणारं शरीर देणं हाच तर या पात्राचा प्राण होता. मला ते पटतं. तरी बांगडीही अगदीच वाया गेली असं मी म्हणणार नाही. ती बांगडी तिला फाळणीच्या रात्री कराचीच्या गाडीपर्यंत नेते. फाळणी अमेरिकन सुपरहिरोच्या मालिकेत यावी, हे मला मोठं वाटलं. आणि कमलाचे अम्मी-अब्बा साकारणारे झेनोबिया श्रॉफ आणि मोहन कपूर हे तर मुंबईचे चेहरे. पाकिस्तानात ते चॅनेल नसल्यानं मालिका चित्रपटगृहांत दाखवली गेली.

वाद तिथेही थांबले नाहीत. मालिकेतल्या खलपात्रांना जिन म्हटलंय, त्यावर अनेक मुस्लिम प्रेक्षक नाराज झाले. माझं मत विचाराल तर ते कथानक कच्चंच आहे, श्रद्धेचा मुद्दा बाजूला ठेवला तरी. दुसरीकडे इंटरनेटवर एक-एक तारा देण्याची झुंडच आली. एक तारा देणाऱ्या त्या सगळ्यांनी मालिका पाहिली होती, असं मी तरी मानत नाही. समीक्षकांनी मात्र तिचं भरभरून कौतुक केलं.

२०२३ साली तर मार्व्हलनं कमलाला मारून टाकलं, तेही स्पायडरमॅनच्या अंकात. ज्या मुलीनं स्वतःच्या नावाची मालिका मिळवली, तिनं दुसऱ्याच्या गोष्टीत, दुसऱ्याच्या दुःखासाठी मरायचं! वाचक संतापले, आणि रास्त संतापले. दोनेक महिन्यांत ती परत जिवंत झाली, आता म्यूटंट म्हणून. कॉमिकमध्ये मरण फार काळ टिकत नाही. पण राग लक्षात राहतो. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘द मार्व्हल्स’ सिनेमा पडला आणि लगेच बोटं दाखवली गेली: बघा, बायका आणल्या की असं होतं. एखादा पुरुष सुपरहिरो आपटला की सिनेमा आपटतो. इथे मात्र बाईमाणूस आपटतं. २०१७ सालीही मार्व्हलच्या विक्री विभागातल्या एका अधिकाऱ्यानं दुकानदारांचा हवाला देऊन म्हटलं होतं की लोकांना विविधता नकोय, स्त्री पात्रं नकोत. नंतर त्यांना सारवासारव करावी लागली.

याच्या उलट एक घटना. २०१५ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या बसवर इस्लामची नात्झींशी सांगड घालणाऱ्या जाहिराती लागल्या होत्या. कुणीतरी त्यांवर कमला खानची चित्रं चिकटवली. हिजाब न घालणारी, पार्टीला पळून जाणारी, डुकराच्या मांसाचा नुसता वास घेऊन लाळ गाळणारी ती मुलगी. (ती खात नाही हं, फक्त वास घेते. पहिल्या अंकाचं पहिलंच दृश्य.) द्वेष झाकायची वेळ आली तेव्हा लोकांच्या हाताला तीच लागली.

मला सगळ्यांत जास्त जे आवडतं त्यावर वाद फारसा होत नाही. कमला मशिदीत तरुणांच्या तालमीला बसते. मुली पडद्यामागे. ती उठून विचारते की आम्हाला बोलणारा दिसतच नाही, लक्ष कसं लागणार? शेख अब्दुल्लांशी थोडी वादावादी होते, आणि नाकियाला घेऊन ती बाजूच्या दारानं सटकते. टीव्ही मालिकेत तर नाकिया मशिदीच्या मंडळाची निवडणूक लढवते, कारण बायकांची बाजू पडकी आहे, आणि तिचे चांगले बूटही तिथून चोरीला गेलेत. हे दृश्य अमेरिकेतलं. पण इथे बसलेल्या कुणाला ते परकं वाटलं का? हाजी अलीच्या मजारीपर्यंत जाण्यासाठी आपल्या बायकांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला. मशिदीत प्रवेशासाठी पुण्याचं एक जोडपं सर्वोच्च न्यायालयात गेलं. बायकांनी नीट जागा मागितली की श्रद्धा कमी पडते असं समजणाऱ्यांनी कमला वाचावी. ती मशीद सोडत नाही, भांडते.

आणि शेख अब्दुल्लांचंही ऐका. पुढे घरचे तिला रात्री-बेरात्री बाहेर राहण्याबद्दल समज द्यायला त्यांच्याकडे पाठवतात. ती मान खाली घालून बसते, आता बोलणी बसणार म्हणून. ते ओरडत नाहीत. लोकांना मदत करायची आहे ना, मग ती नीट करायला शिक, एखादा गुरू शोध, एवढंच सांगतात. मी हे पान दोनदा वाचलं. आपल्याकडच्या किती मुलींना असा एक मौलाना भेटला असता तर... जाऊ दे. तिची अम्मीही तशीच. शेवटी कमला हिंमत करून तिला आपलं गुपित सांगते, तर अम्मीला ते आधीच माहीत असतं.

आणि कामरान. चांगल्या घरातला, ओळखीतला, देखणा, सगळ्यांना पसंत पडेल असा मुलगा. तो तिला गाडीत घालून फसवून नेतो आणि वर तिलाच सांगतो की तू स्वतःहून बसलीस. हे लिहिणाऱ्या बाईला हिजाब नसलेली नायिका उभी केली म्हणून जाब विचारला गेला. कामरानबद्दल मी कुणाला वाद घालताना ऐकलेलं नाही.

माझ्या भाचीला मी विचारलं, तुला कमला का आवडते? मला वाटलं ती म्हणेल, ती आपल्यासारखी आहे म्हणून. ती म्हणाली, ‘खाला, ती सारखी चुकते.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘आणि चुकली तरी तिला कुणी सगळ्या मुसलमानांच्या वतीनं माफी मागायला लावत नाही.’ मी तिला तिथेच दुरुस्त केलं. म्हटलं, पुस्तकात लावत नाहीत गं, पुस्तकाबाहेर लावतात.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. एक विनंती, पहिला प्रश्न मागच्या रांगेतल्या मुलींचा. इथे पडदा नाही, तुम्ही मला दिसताय. आणि तो ओढणीवरचा नसला तर मला फार बरं वाटेल.