मुलांसह प्रवासाची आखणी



सुट्टीतील प्रवासाची आखणी मुलांना जवळ बसवूनच व्हावी. वेरूळ-अजिंठ्याचेच उदाहरण घ्यावे. तेथील मे महिन्यातील ऊन मुलांस सोसवत नाही. म्हणून दिवाळीची सुट्टी निवडावी. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे ३०, तर अजिंठा सुमारे १०० किलोमीटर. तेव्हा दोहोंस स्वतंत्र दिवस द्यावा. अजिंठ्याची लेणी सोमवारी व वेरूळची मंगळवारी बंद असतात. हे न पाहता निघाल्यास, काटकसरीने साठविलेला पैसा वाया जातो आणि मुलांचा हिरमोड होतो तो वेगळाच. एस. टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांस अर्धे तिकीट लागते. हा हिशेब मुलांकडूनच मांडवून घ्यावा.

वेरुळास ३४ लेणी आहेत. ती सर्व एका दिवसात दाखविण्याचा हव्यास नसावा. कळसाकडून पायाकडे कोरीत आणलेले कैलास लेणे सावकाश पाहिले, म्हणजे मूल आपण होऊन प्रश्न विचारते. त्या प्रश्नासाठी आखणीत थोडा वेळ मोकळा राखावा. ज्या शिक्षकास घरच्या मुलांबरोबर हे साधले, त्याच्या शाळेची सहलही केवळ धावपळ ठरणार नाही.