मोती: जिवाचे रत्न



हिरा-माणिक खाणीतले. मोती, पोवळे मात्र समुद्रातल्या जिवांनी घडवलेले, तर तृणमणी म्हणजे झाडाची युगानुयुगे घट्ट झालेली राळ. आज बोलायचे आहे ते मोत्यांविषयी.

बडोद्याला मोत्यांची ओळख करून द्यायला नको. खंडेराव महाराजांनी १८६५च्या सुमारास बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा करवून घेतला. २००९ साली दोहा येथे तो लिलावात गेला. पण आपल्या घरातल्या मोत्यांचे काय?

माझ्या पणजीची नथ आम्ही विकायला नेली, तेव्हा सराफाने फक्त सोने तोलले. मोत्यांना शून्य किंमत! आईने नथ पदरात घेतली आणि आम्ही परत आलो.

जपानात मिकिमोतो यांना मोत्याची पैदास साधली ती १८९३ साली. गोल पैदाशी मोती बाजारात आले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. त्याआधीच्या नथीतले अस्सल मोती नैसर्गिकच. मात्र नथ पुन्हा गाठवताना मोती बदललेले असू शकतात. म्हणून मोडीत घालण्याआधी रत्नपरीक्षा करून घ्या. क्ष-किरणांत आतली रचना दिसते, आणि पेरलेला मणी असला तर तोही.

मोती चुन्याच्याच जातीचा. चिंच, लिंबू, घाम, अत्तर त्याला सोसत नाही. म्हणून साजशृंगारात तो शेवटी चढवावा, आधी उतरवावा आणि मऊ फडक्याने पुसून ठेवावा.

आमची नथ अजून घरात आहे. सोने कुठेही तोलता येते. मोती पारखावा लागतो.